लॅपटॉपचा माऊस मधेच अडकतो, दुकानवाला म्हणतो विंडोज नव्याने टाका. टाकू का?

टाकू नका. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की माऊस बिनवायरचा आहे, सेल नवा घातलाय, तरी बाण मधेच जागच्या जागी थांबतो आणि मग एकदम उडी मारून भलतीकडेच जातो. दुकानवाल्यानं माऊस उलटा करूनसुद्धा न बघता 'फॉरमॅट मारूया', म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकूया, म्हटलं. बाकी प्रश्न मी सोडून दिला असता, पण ते फॉरमॅटचं वाचलं आणि राहवेना.

बेळगावात शहापूरला माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, बारसं, वास्तुशांती, मंडळाचे फलक. इकडे एकच पत्रिका कधी कधी दोन भाषांत लागते, मुलीकडची मराठीत आणि मुलाच्या ऑफिसातल्यांसाठी कन्नडात. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर मराठीसाठी श्रीलिपीचे फॉन्ट आहेत, कन्नडसाठी नुडिचे आहेत, आणि सगळं काम कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. कोरलमध्ये माऊस नसेल तर माणूस लुळा. टचपॅडवर बोटं घासत वेलबुट्टीचे कोपरे जुळवून बघा एकदा, मग कळेल.

ऐन लगीनसराईत माझा माऊस तुमच्यासारखाच वागायला लागला. येळ्ळूरचे एक मामा प्रूफ बघायला शेजारी स्टुलावर बसलेले. 'श्री यल्लम्मादेवी प्रसन्न' वर झालं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' झालं, आता खाली चिमुकल्यांच्या नावांची ओळ. मामा म्हणतात, "थोरल्या आत्याचं नाव जरा वर घ्या की वो, न्हाईतर मांडवात रुसून बसतील." मी नाव धरलं, वर ओढलं, बाण थांबला. हलेना. दोन-तीनदा माऊस आपटला आणि सुटला तो असा की आत्याबाईंचं नाव थेट गणपतीच्या सोंडेवर. मामा हसले, खरं मला घाम फुटला. बाहेर अजून गिऱ्हाईक उभं होतं.

संध्याकाळी अक्काचा फोन आला, मी सहज बोललो, आणि दाजींनी तिच्या हातातून फोन घेतला. दाजी पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहेत. माणूस सोन्यासारखा, पण कुठल्याही रोगावर औषध एकच. "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट करून टाक." मी म्हटलं, दाजी, माऊस अडकतो तेव्हा टचपॅडवर बोट फिरवलं की बाण लोण्यासारखा पळतो. विंडोज बिघडलंय तर मग तो कसा पळतो? तर म्हणे, "तुला नाही कळायचं ते."

दुसऱ्या दिवशी मी कागद आणायला गेलो तेवढ्यात दाजींनी माझ्या धाकट्या भावाला फोन लावला, आणि त्यानं लॅपटॉप नेऊन एका दुकानात दिला. परत आला तो गुळगुळीत होऊन. सी ड्राइव्ह साफ, फॉन्ट गेले. डिझाइनं बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतात म्हणून वाचली, पण हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच दिसेल असे, नव्हेत. फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा नुसता कचरा दिसतो. वधूपित्याचं नाव उघडून बघितलं तर कुणाचा तरी पासवर्ड वाटावा. गणपत गल्लीतल्या एका दोस्ताकडून फॉन्ट आणले आणि रात्रभर बसवत बसलो.

गंमत म्हणजे दुकानात माऊस मख्खन चालत होता म्हणे. दाजींचा फोन आलाच, "बघ, सांगितलं होतं ना!"

माझ्या टेबलावर आला आणि पुन्हा तेच. तेव्हा मात्र मी डोकं शांत ठेवून बघत बसलो. हार्ड डिस्कवरून डिझाइनांचं मोठं फोल्डर कॉपीला लावलं. कॉपी चालू, माऊस मेला. कॉपी संपली, माऊस जिवंत. डिस्कची वायर काढली, मग तर काही तक्रारच नाही. दुकानात डिस्क लावलेलीच नव्हती, तिथं बिघाड दिसणार कसा?

तर तुमच्या कामाचं हे आहे. निळ्या रंगाचं यूएसबी पोर्ट असतं ना, ३.० वालं, त्यात हार्ड डिस्क किंवा चांगला पेन ड्राइव्ह चालू असला की त्या पोर्टमधून आणि वायरीतून रेडिओचा कचरा बाहेर पडतो. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो, आणि तुमच्या माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो. शेजारीच डिस्क लावली की त्याला माऊसचं काही ऐकू येत नाही. हे माझ्या पदरचं नाही. खुद्द इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद काढलाय. तो मी दाजींना पाठवला. त्यांनी नुसती अंगठ्याची इमोजी धाडली, दुसरं काही नाही.

उपाय स्वस्त आहे. रिसीव्हर डिस्कच्या शेजारून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, जमलं तर साध्या २.० पोर्टात. तेवढ्यानं भागलं नाही तर हातभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या आणि रिसीव्हर माऊसच्या जवळ आणून ठेवा. माझं काम त्या वायरीनंच झालं. दाजींचं म्हणणं, वायरच लावायची तर बिनवायरचा माऊस कशाला. असू दे.

तुमच्याकडे डिस्कबिस्क काही लावलेलं नसेल तर मग दुसरं बघा. थोडा वेळ हात लावला नाही की अडकतो आणि क्लिक केल्यावर उठतो, असं असेल तर वीज वाचवायला विंडोज पोर्ट झोपवतंय. विंडोजचं बटण आणि एक्स दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची जी खूण असते ती काढा. तिथंच माऊसवर जाऊन अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं की ड्रायव्हर आपोआप नव्यानं बसतो. फॉरमॅटनं जे होणार त्यातलं कामाचं तेवढंच, आणि एकही फाइल जात नाही.

माऊसखाली काच असली तरी असंच होतं. आमच्याकडे काउंटरवर काच घालून खाली देवाचे फोटो आणि व्हिजिटिंग कार्डं ठेवायची पद्धत आहे, साध्या ऑप्टिकल माऊसला त्यावर काही दिसत नाही. वर एक पुठ्ठा टाका. आणि खानापूर, चंदगडकडचे असाल तर पावसाळ्यात सेलच्या पत्र्या हिरव्या पडतात. नवा सेल घालून उपयोग नसतो, आधी पत्र्या खरवडा.

वायरचा माऊस असता तर मानेजवळची वायर बघा म्हटलं असतं, तिथंच आतून तुटते. तुमचा तो नाही.

आता दाजींच्या बाजूनंही थोडं लिहितो, नाहीतर अक्का म्हणेल एकतर्फी लिहिलंय. माऊस आणि टचपॅड दोन्ही एकदम थांबत असतील आणि कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नसेल, तर अख्खं मशीनच अडकतंय. तिथं विंडोजवर संशय घ्यायला जागा आहे, पण डिस्क, रॅम आणि गरम होणंही त्यातच येतं. तेव्हाही फॉरमॅट सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि फॉन्टचं फोल्डर बाहेर काढून.

आणखी एक राहिलं. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा दाबला जात नसेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. मग चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि माझं हे उत्तर बाजूला ठेवून सरळ दुकान गाठा. ते दुसरं दुकान असलं तर बरं.

रिसीव्हर हलवून काय झालं ते खाली जरूर कळवा. दाजींना पाठवायचंय.