बेडपॅनपेक्षा आडोसा महत्त्वाचा

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी सांधा बदलला. ऑपरेशनला आज पाच दिवस झाले, पण पोट एकदाही साफ झालेलं नाही. बेडपॅन दिला की ती पाच मिनिटांत "होत नाही गं" म्हणून परत देते. पाणी घोटभरच पिते. आधीच इतक्या गोळ्या चालू आहेत, म्हणून रेचक टाळावंसं वाटतं. कमोडवर बसवून पायांखाली स्टूल ठेवा, असं कुणीतरी सुचवलं आहे. ठेवू का?

उत्तर : आधी स्टूलाचं सांगते. आईंच्या बाबतीत ते अजिबात ठेवू नका. गुडघे कमरेपेक्षा वर गेले की गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो, मार्ग सरळ होतो आणि शौच सोपं होतं, हे खरं आहे. इतर रुग्णांना मी स्वतः स्टूल दिलेलं आहे. पण नवा सांधा बसवल्यावर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका असं बहुतेकदा सांगतात, कारण सांधा निखळू शकतो. आईंना उंच बैठकीचा कमोड लागेल. किती वाकलेलं चालेल ते त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचारा.

आज आईंनाही एक गोष्ट विचारा : वारा सरतो का? पोट फुगून ताठ झालं असेल, उलट्या होत असतील, वाराही सरत नसेल, तर घरगुती काहीही न करता लगेच डॉक्टरांना सांगा. अधूनमधून पातळ थोडंथोडं होत असेल, तर त्याला जुलाब समजू नका. आत कडक मळाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो.

आता बेडपॅनविषयी. मी बावीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स होते. पाठीवर झोपून, कंबर उचलून, पलीकडच्या खाटेवर कुणाला तरी भेटायला माणसं आलेली असताना शौच होणं शरीराला जवळजवळ अशक्य असतं. आमच्याकडे एक आजोबा तीन दिवस जेवत नव्हते. भूक लागत नाही, असं आम्ही कागदावर लिहीत राहिलो. वॉर्डातल्या मावशींनी त्यांच्याशी बोलून खरं कारण काढलं. खाल्लं तर सगळ्यांसमोर बेडपॅन घ्यावा लागेल, म्हणून ते खातच नव्हते. मावशींनी त्यांना चाकाच्या कमोड खुर्चीवरून थेट संडासात नेलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ते जेवले. त्या तीन दिवसांच्या नोंदी माझ्याच हातच्या होत्या. आजही त्याचं वाईट वाटतं.

आई पाणी कमी पितात, त्यामागेही बहुधा हेच असेल. पुन्हापुन्हा कुणाला उठवायचं, हा संकोच. रागावू नका, "मी इथेच आहे, कितीही वेळा हाक मार" एवढं त्यांना सांगा. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दर तासाला अर्धा पेला हातात द्या.

वेळ सांभाळा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलू लागतं, आणि सकाळी ही हालचाल सगळ्यांत जोरकस असते. म्हणून नाश्ता आणि काहीतरी गरम प्यायल्यानंतर वीस-तीस मिनिटांनी त्यांना कमोडवर बसवा. नेमकी त्याच वेळी अंघोळ, ड्रेसिंग किंवा राउंड येतो. सिस्टरना आदल्या दिवशीच सांगून ती वेळ मोकळी ठेवा. कळ आली आणि दाबून धरली, की आतड्यात मळातलं पाणी आणखी शोषलं जातं, तो कडक होतो आणि पुढची कळ मंद येते. कळ आल्यावर "थांबा जरा" हे शब्द कुणीही म्हणू नयेत.

दहा मिनिटांत झालं नाही तर उठवा, पुन्हा जेवणानंतर बसवा. कुंथायला सांगू नका. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास हळूहळू सोडायला सांगा. फिजिओने परवानगी दिली असेल तेवढं वॉकरने चालवा. संडासापर्यंत चालत जाणं हाच व्यायाम समजा. फळं, भाज्या, डाळी हळूहळू वाढवा, पण पाणी वाढल्यावरच.

एवढं करूनही उद्यापर्यंत पोट साफ झालं नाही, तर रेचक नाकारू नका. पाच दिवस कमी नाहीत.

प्रश्न : वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन चालू आहे. त्यांना इसबगोल दिलं तर? आणि पोटाला मसाज?

उत्तर : इसबगोल नको. मॉर्फिनमुळे आतड्याची हालचालच मंदावते. तिथे चोथा वाढवला आणि पाणी कमी पडलं, तर तो अडकून बसतो. या औषधासोबत सहसा पहिल्या दिवसापासूनच रेचक देतात. त्यांना दिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. आडोसा, वेळ, बसण्याची रीत हे सगळं त्याच्या जोडीला करायचं, त्याऐवजी नाही. त्यांना मात्र खुब्याची अडचण नसेल आणि बसता येत असेल, तर पायांखाली स्टूल जरूर द्या.

मसाज आधी डॉक्टरांना विचारूनच. पोटात गाठ असेल, ताजी शस्त्रक्रिया किंवा हर्निया असेल, आतडं अडल्याची शंका असेल, तर करायचा नाही. परवानगी मिळाली तर हात गरम करा. त्यांच्या उजव्या ओटीपोटापासून सुरुवात करून वर, बरगड्यांखालून डावीकडे आणि मग खाली, असा तळहात फिरवा. मळ आतड्यातून याच वाटेने पुढे सरकतो. दहा मिनिटं पुरे, दाब हलकाच. दुखलं की थांबा.