कंपनी बंद पडलेलं जुनं विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का? सेटअपवर डबल क्लिक केलं तर काहीच होत नाही.

चालतं. सावद्याला माझ्या मामांचं केळीचं काम आहे. त्यांचं शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या काढायचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, आणि ते करून देणारा केव्हाच पुण्याला नोकरीला गेला. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ११ त्या पीसीवर चढेना. म्हणून उबुंटू हे लिनक्स टाकलं आणि त्यावर वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. (फोनवर ‘वाइन टाकतोय’ म्हटल्यावर मामी गप्पच झाल्या.)

वाइनमध्ये विंडोज नसतं. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, फाइल उघड, खिडकी काढ, ते वाइन लिनक्सकडून करून देतं. त्यामुळे जुन्या मशीनवरही जड जात नाही.

तुमचा सेटअप टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) वाइनने चालवा. कुठली डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची जोडफाइल) सापडली नाही ते तिथे लिहून येतं. आम्हाला व्हीबी ६ चा रनटाइम (त्यातले प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइल्स) आणि अ‍ॅक्सेसचा डेटाबेस वाचायला जेट ४ लागलं. दोन्ही वाइनट्रिक्समधून मिळालं, म्हणजे वाइनमध्ये असे भाग बसवून देणाऱ्या स्क्रिप्टमधून. जेट ३२ बिटच्या प्रिफिक्समध्येच (वाइन आपलं सी ड्राइव्ह आणि सेटिंग ठेवतं त्या फोल्डरात) बसतं. मी आधी ६४ बिटचा केला होता, एक अख्खी दुपार गेली.

मग सॉफ्टवेअर उघडलं, पण शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. दिवाणजी म्हणाले, “काय भो, हे काय उमटलं?” डेटा शाबूत होता, फक्त जुना मराठी फॉन्ट नव्हता. जुन्या हार्डडिस्कवरून उचलून वाइनच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाकला, नावं आली.

खरा घोळ तारखांनी केला, आणि तो आठवडाभर कळलाच नाही. उबुंटू टाकताना मी भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली होती, वाइनने तारखेची पद्धतही तिथूनच उचलली, आधी महिना, मग दिवस. ५ मार्चची कटाई ३ मेची म्हणून नोंदली गेली. १३ तारखेपासून मात्र सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतोच, तेव्हा प्रोग्रॅम आपणहून आधीचा आकडा दिवस धरतो. एक शेतकरी पट्टी घेऊन परत आला तेव्हा उलगडलं. भाषा भारतीय इंग्रजी केली, पण आधीच्या नोंदी हाताने सुधाराव्या लागल्या. तेव्हा तुम्ही आधी डेटाची कॉपी काढा आणि जुन्या छापील पट्ट्या घेऊन महिन्याच्या सुरुवातीच्या तारखा ताडून बघा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल आणि प्रोग्रॅम थेट एलपीटी १ वर (प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर) छापत असेल, तर वाइनच्या रजिस्ट्रीत तो पोर्ट प्रिंटरच्या डिव्हाइस फाइलला जोडावा लागतो. उबुंटूचा युजर ‘एलपी’ या प्रिंटर वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये हवा, नाहीतर कागद हलत नाही.

सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली म्हणून लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) लागत असेल तर वाइनच्या नादी लागू नका. डोंगलचा ड्रायव्हर त्यात बहुधा चालत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत, जुनं विंडोज टाका आणि त्याचं नेट बंद ठेवा.