आधी पाणी मोज

चि. पोरी,

कापड रंगवण्याच्या, म्हणजे डाइंगच्या पाण्यातला रंग तोडणारे जिवाणू शोधतेयस. न्यूट्रिएंट अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या साध्या प्लेटवर, दाट वाढ, डाइंगच्या पाण्यात टाकल्यावर शून्य. म्हणून आता नमुन्यासाठी लोणारला जायचं म्हणतेस! कशाला? लोणारचं पाणी खारं आणि सामू (पीएच) 10च्या आसपास, हे खरं. पण रिॲक्टिव्ह डाइंगच्या टाकीतही मीठ आणि सोडा ॲशच (सोडियम कार्बोनेट) असतो, तोही तुझ्या सोलापुरात, टॉवेल कारखान्यांच्या दारात. जागा चुकलेली नाही. अल्कधर्मी पाण्यातले जीव तू 7 सामूच्या प्लेटवर शोधलेस, मग सोम्यागोम्याच हाती लागणार.

आधी पाणी मोज. सामू, तापमान, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), टाकीच्या काठावरच. मग जिवाणू वाढवायचं माध्यम बनव. एका लिटरला ग्लुकोज 10 ग्रॅम, पेप्टोन 5, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 5, डायपोटॅशियम फॉस्फेट 1, मॅग्नेशियम सल्फेट 0.2, अगर 20. हे 900 मिलिलिटरमध्ये. सोडियम कार्बोनेट 10 ग्रॅम उरलेल्या 100 मिलिलिटरमध्ये वेगळं ऑटोक्लेव्ह कर (दाबाच्या वाफेत निर्जंतुक कर) आणि दोन्ही 60 अंशांवर आल्यावर मिसळ. एकत्र तापवलंस तर साखर तपकिरी पडते, मॅग्नेशियम तळाला बसतं. सामू चढवायला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) अजिबात नको. बाहेर 10 असताना हे जिवाणू पेशीत 8च्या जवळपास राखतात, ते सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत घेत. सोडियमच नसेल तर पंप चालणार कशावर? नमुना विरळ करतानाही साधं सलाइन नको, टाकीइतकंच मीठ घाल. अतिखाऱ्या पाण्यातल्या काही पेशी गोड्या पाण्यात फुटतात. प्लेटा पिशवीत बंद ठेव. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्यांचा सामू उतरतो, म्हणून शेवटी पुन्हा मोज. हो, पुन्हा.

रंग उडाला की लगेच हुरळू नकोस. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून तळाला बसलेला पेशींचा गोळा बघ. गोळा रंगीत असेल तर रंग नुसता पेशींना चिकटलाय. मारलेल्या पेशींचा एक फ्लास्क आणि बिनपेशींचा एक शेजारी हवाच. ॲझो बंध (बऱ्याच रंगांच्या रेणूतला नायट्रोजन-नायट्रोजन जोड) सहसा न हलवलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या फ्लास्कमध्ये तुटतो आणि ॲरोमॅटिक अमाइन निघतात. ती दिसत नाहीत, पण त्यातली बरीच विषारी. ती मोडायला पुढे शेकरवर (फ्लास्क हलवणाऱ्या यंत्रावर) हवा दिल्याशिवाय काम अर्धवटच.

अशा जिवाणूंचा उपयोग काय, विचारतेस. टॅक पॉलिमरेज, डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम, अमेरिकेतल्या येलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. 95 अंश सोसतं, म्हणून पीसीआरच्या (तापवत-निववत डीएनए वाढवण्याच्या पद्धतीच्या) दर फेरीला नवं एन्झाइम घालावं लागत नाही. आपल्याकडे ब्लीचिंगनंतर उरलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड मारायला कॅटॅलेज हे एन्झाइम लागतं, आणि साध्या कॅटॅलेजसाठी गरम, अल्कधर्मी बाथ आधी निववून ॲसिडनं उतरवावा लागतो. तो खटाटोप वाचवणारं एन्झाइम तुझ्या टाकीत असू शकतं. वसाहतीवर 3 टक्के पेरॉक्साइडचा थेंब टाक. बुडबुडे आले तर पुढची चाचणी बाथच्याच तापमानाला, बाथच्याच सामूला घे.

मला प्लेटांचे फोटो पाठवू नकोस. टाकीचे तीन आकडे पाठव.