हाड मोडलंय की नुसती चीर?

एका वाचकाचा प्रश्न: आईच्या मनगटाच्या एक्स-रे रिपोर्टात फ्रॅक्चर लिहिलंय, पण डॉक्टर म्हणाले, "मोडलेलं नाही, बारीक चीर आहे, सरकलेलंही नाही." मग फ्रॅक्चर म्हणजे मोडणं नव्हे का? सरकणं आणि निखळणं एकच का?

रिपोर्ट आणि डॉक्टर दोघंही बरोबर आहेत. वैद्यकात हाडाची सलगता कुठेही तुटली की ते फ्रॅक्चर, मग ती केसाएवढी रेघ असो की पार चुरा. मराठी 'मोडणे' मात्र एवढ्यावर भागवत नाही. काठी मोडली म्हटलं की तिचे दोन तुकडे डोळ्यांपुढे येतात. तुकडे वेगळे झाले नसतील, तर आपण चीर, तडा असं म्हणतो. डॉक्टरांनी मराठी नेमकी वापरली.

शिवाय आपण सगळीच हाडं मोडत नाही. हात मोडतो, पाय मोडतो, बरगडी मोडते. डोकं मात्र फुटतं. 'डोकं मोडलं' कुणी म्हणणार नाही. सुश्रुतसंहितेत हाच भेद आहे: नळीसारखी हाडं मोडतात, कवटीसारखी चपटी हाडं फुटतात, दात तडकतात आणि कानानाकातली कोवळी हाडं, म्हणजे आपल्या भाषेत कूर्चा, नुसती वाकतात. बोलीनं ही वर्गवारी ग्रंथ न वाचताच सांभाळली आहे.

'सरकणे' जरा फसवं. डॉक्टर म्हणतात तेव्हा मोडलेल्या हाडाचे तुकडे आपल्या जागेवरून हलले, असा अर्थ. एकाच बाजूनं काढलेल्या फोटोत ते लपू शकतं, म्हणून मनगटाचे निदान दोन फोटो काढतात, समोरून आणि बाजूनं. घरी मात्र मणक्यातली गादीही सरकते आणि खांदाही सरकतो. खांद्यासाठी खरा शब्द 'निखळणे'. तो सांध्यापुरताच, त्यात हाड अखंड असू शकतं, फक्त खोबणीतून बाहेर आलेलं असतं. सुश्रुतानंही सांधा सुटणं आणि हाड मोडणं हे दोन गट वेगळेच ठेवले आहेत.

राहिले मुरगळणे आणि लचकणे. तिथे इजा असते अस्थिबंधाला (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्टीला, म्हणजे लिगामेंटला) किंवा स्नायूला, आणि ते साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. फार तर सूज कळते. म्हणून "फोटो स्वच्छ आहे, नुसतं मुरगळलंय" हे वाक्य नेहमी ऐकू येतं. मनगटाच्या बाबतीत त्यावर लगेच विसंबू नये. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाची चीर पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही. तिथे दाबून दुखत असेल, तर फोटो स्वच्छ असूनही हात बांधून ठेवतात आणि साधारण 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढतात.

'अस्थिभंग' पाठ्यपुस्तकात शोभतो, पण दवाखान्याच्या बाकावर मी तो कधी ऐकलेला नाही. चीर, मोड, चुरा या सगळ्यांना कवेत घेणारा बोलीतला एक शब्द आपल्याकडे नव्हता. ती जागा 'फ्रॅक्चर'नं घेतली, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. गंमत एवढीच, की "फ्रॅक्चर आहे" हे "हात मोडलाय"पेक्षा सौम्य वाटतं. प्लास्टर मात्र बहुधा दोन्हींत चढतंच.