वाचकांचे प्रश्न : शाळेतला नागरिकत्वाचा पुरस्कार कुणाला द्यावा?

प्रश्न : आमच्या संस्थेच्या घणसोली आणि ऐरोलीत शाळा आहेत. नागरिकशास्त्र आणि समाजसेवेत चांगलं काम करणाऱ्या वर्गाला यंदापासून २६ जानेवारीला पुरस्कार द्यायचं ठरलंय. प्रस्ताव आले, पण सगळे सारखेच : स्वच्छता फेरी, वृक्षारोपण, फोटो. निवड कशी करू?
— एक मुख्याध्यापिका, घणसोली

उत्तर : बाई, फोटो बाजूला ठेवा आणि प्रत्येक वर्गाकडे एकच कागद मागा : मुलांनी स्वतः लिहून सरकारी कार्यालयात दिलेल्या अर्जाची, तिथल्या आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत. तो शिक्का मिळवायला मुलांना बरंच काही कळावं लागतं. तुमच्याकडे तर पहिलाच प्रश्न अवघड, ही जागा कुणाची? नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० सालचं, महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासूनचा, औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा, बरीचशी स्टेशनं सिडकोने बांधलेली. सहावीत स्थानिक शासन संस्था शिकवतो आपण. पण ते शिकवणं पोचलं का, हे मुलं योग्य खिडकीपुढे जाऊन उभी राहिली की समजतं. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं आणि तिथे ती गेली, तर त्याचेही गुण द्या. ते हेलपाटे हाच अभ्यास आहे.

मी ठाण्यात, कळव्याच्या बाजूला, नागरिकशास्त्र शिकवत असे. आमच्या नववीच्या मुलींना शाळेजवळची भिंत रंगवायची होती. मी म्हटलं, आधी त्या रस्त्यावरच्या माणसांना विचारून या. तिथे चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, ‘भिंत छान आहे गं, मला दवाखान्यात जाताना फुटपाथवर चढता येत नाही.’ मुलींनी आजींबरोबर दवाखान्यापर्यंतचा रस्ता पायी पार केला, कुठे किती उंची आडवी येते ते टेपने मोजलं, नकाशा काढला. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा वाचून काढला आणि प्रभाग समितीत अर्ज दिला. एका कोपऱ्यावर उतार झाला, दुसऱ्यावर झाला नाही. अहवालात त्यांनी दोन्ही लिहिलं, आणि न झालेल्या कोपऱ्यापुढे पुढच्या पाठपुराव्याची तारीख घातली. असा अहवाल तुमच्याकडे आला तर निवड तिथेच संपवा.

निवड समितीत ज्यांच्यासाठी काम झालं ती माणसं हवीत. कचरा वर्गीकरणाचं काम असेल तर तिथल्या सफाई कामगार ताईंना बोलवा. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यावा, असे २०१६ चे नियम सांगत होते. सोसायटीतून तो खरंच वेगळा यायला लागला का, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पाहुणे म्हणून नगरसेवक आले तरी चालतील, गुण मात्र ताईंनी द्यावेत.

झाडं लावली असतील तर पुरस्कार एक वर्ष थांबवा. जुलैत लावलेली मे अखेरीस किती जगली ते मोजायला मुलांनाच पाठवा.

आणि एक गोष्ट मी हट्टाने सांगते. मुलांना नाल्यात किंवा खाडीच्या चिखलात उतरवून केलेल्या कामाला बक्षीस देऊ नका, कितीही कौतुक होत असलं तरी. ते काम पगारी, साधनं असलेल्या माणसांचं आहे. ती साधनं त्यांना मिळतात का, हे विचारणं मुलांचं.

बक्षीस ढालीऐवजी वेळेचं द्या. त्या शिक्षकांच्या आठवड्यातल्या दोन तासिका मोकळ्या करा, आणि वर्गाची वही पुढच्या तुकडीच्या हाती द्या, म्हणजे अर्धवट अर्ज मरणार नाहीत.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. अशा उपक्रमांत अभ्यास बुडतो असं वाटतं. नाही म्हणू का?
— एक पालक, वाशी

उत्तर : नाही म्हणू नका. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना असावेत, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सुचवतं. त्याचा मुख्य रोख स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्यावर आहे, पण शाळेने ठरवलं तर त्यातले एकदोन दिवस विभाग कार्यालयात जाऊ शकतात. शिवाय अर्ज लिहिताना मराठी सुधारते, मोजमाप करताना गणित. दहावीच्या वर्षी वेळ कमी पडेल हे खरं. म्हणूनच आत्ता जाऊ द्या. फक्त शाळेला विचारा, बरोबर शिक्षक कोण असतील आणि मुलं घरी किती वाजता येतील.