कामगारांची चाचणी संगणकावर घेताना

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी प्रशिक्षणाचे काम पाहतो. सुमारे ३०० कामगारांची कार्यपद्धतींवरील लेखी चाचणी यापुढे संगणकावर घ्यायची आहे. विक्रेत्यांची प्रात्यक्षिके पाहून गोंधळ वाढलाच आहे. सॉफ्टवेअर कसे निवडावे?
— एक वाचक, वास्को

उत्तर : विक्रेत्याचे प्रात्यक्षिक त्याच्याच प्रश्नांवर बेतलेले असते, म्हणून पुढच्या वेळी आपली गेल्या वर्षीची मराठी प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे ठेवा आणि ती तिथल्या तिथे भरून दाखवायला सांगा. ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर नव्या प्रणालीत चिकटवताच ‘निर्जंतुकीकरण’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते. मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासण्याचे काम कोणी करायचे, हे दर ठरण्यापूर्वीच ठरवून घ्या. नाही तर ते निमूटपणे आपल्याच टेबलावर येते.

त्याहून महत्त्वाची आहे ती नोंद. कोणत्या कामगाराने, कार्यपद्धतीच्या कोणत्या आवृत्तीवर, केव्हा उत्तरे दिली आणि नंतर कोणी गुण बदलले का, हे तपासणीत विचारले जाते. माल अमेरिकेला जात असेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा तेथील ‘२१ सीएफआर भाग ११’ हा नियम विक्रेत्याला माहीत असलाच पाहिजे. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन हवे, आणि ते कर्मचारी क्रमांकावर चालावे, कारण यंत्रावर उभ्या असलेल्या साऱ्यांकडेच ईमेल असतो असे नाही. पर्यवेक्षकाच्या एकाच लॉगिनवर दहा जणांनी पेपर सोडवला, तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

गूगल फॉर्म्स छोट्या उजळणीपुरते ठीक. २००२ पासून उपलब्ध असलेले मूडल हे ऑनलाइन शिक्षणाचे आणि चाचण्यांचे सॉफ्टवेअर मात्र जरूर पाहावे : ते मुक्त स्रोत आहे, परवाना शुल्क नाही, प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात. सर्व्हर सांभाळणारा आणि अद्ययावत आवृत्ती चढवणारा माणूस मात्र आपणच नेमायचा असतो. तो नसेल तर पैसे मोजून घेतलेली सेवा परवडते. अशी सेवा घेताना प्रश्नसंच क्यूटीआयसारख्या, म्हणजे एका प्रणालीतले प्रश्न दुसरीत नेता येतील अशा, सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येईल, हे करारात लिहून घ्या.

सही करण्यापूर्वी दुसऱ्या पाळीतल्या दहा जणांना टॅबलेटवर बसवा. पावसाळ्यात वीज जाते हे आपणांस सांगायला नकोच. म्हणून सातव्या प्रश्नानंतर स्वतःच वाय-फाय बंद करा आणि पुन्हा जोडल्यावर सातही उत्तरे जागेवर आहेत का, ते पाहा.