सभेला कुणी का येत नाही?

प्रश्न : आमच्या संरक्षित किनाऱ्याच्या समितीत मच्छीमारांना दोन जागा आहेत, पण सभेला कुणी फिरकत नाही. लोकांना रसच नाही, असं समजायचं का?

उत्तर : सभा किती वाजता असते, ते आधी सांगा! मी अशाच एका समितीचा सचिव होतो. वर्षभर सकाळी अकराला सभा लावली. होड्या परतून मासळी उतरवायची नेमकी तीच वेळ. आम्ही इतिवृत्तात 'गैरहजर' लिहून मोकळे. शेवटी एका म्हाताऱ्या मच्छीमाराने सुनावलं, "भरती तुमच्या घड्याळावर येत नाही, साहेब." तेव्हापासून आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचो, मग तारीख ठरवायचो. माणसं येऊ लागली.

आली, तरी भांडणं होतीच. मासेमारी बंदीच्या क्षेत्राची हद्द आम्ही कार्यालयात बसून आखली होती. त्यांना फक्त सहीला बोलावलं होतं. मासे अंडी कुठे घालतात, हे त्यांना आमच्या नकाशापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग नकाशा खोडून पुन्हा काढला.

मेक्सिकोतल्या काबो पुल्मो या किनारी गावाचं उदाहरण सभेत जरूर सांगा. तिथल्या मच्छीमार कुटुंबांनीच पुढाकार घेतला, 1995 मध्ये तिथल्या समुद्राचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1999 ते 2009 या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन चौपटीहून अधिक वाढलं. पण दहा वर्षं, हेही सांगा. तोवर चूल कशी पेटणार, हा प्रश्न ते विचारणारच. गस्तीचं काम पगारी ठेवा आणि त्यांनाच द्या.

आणि हो, पहिल्या चुकीला जाळं जप्त करू नका. समज द्या, दंड नंतर.